न वाजणारी घंटा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, तिची सुरुवात तापाच्या रुग्णांच्या लघवीपासून होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. १९८८ साली स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा इथल्या संशोधकांना तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या लघवीत एक पदार्थ सापडला. शरीरातल्या एका अतिशय दाहक रसायनाचं काम तो थोपवत होता. पुढच्या वर्षी इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लघवीतूनच असं प्रथिन शुद्ध करून दाखवलं. म्हणजे आग लावणारंही शरीरच आणि तिच्यावर पाणी ओतणारंही शरीरच. हा पदार्थ कोणता, तो आज प्रयोगशाळेत कसा तयार करतात, आणि त्याने कोणाला आराम पडला, कोणाचं नुकसान झालं, हे मला आज सांगायचं आहे.

आधी दाह म्हणजे काय ते पाहू. बोटात काटा रुतला की दुसऱ्या दिवशी बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं आणि ठणकतं. दाहाची ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. काट्याबरोबर आत शिरलेल्या जंतूंना पांढऱ्या पेशींनी ओळखलं, इतर पेशींना निरोप धाडला, रक्तवाहिन्या सैल झाल्या आणि आणखी पेशी धावून आल्या, असा त्याचा अर्थ. हा दाह आपला शत्रू नाही. तो नसता तर साध्या काट्यानेही माणूस दगावला असता. पण हाच दाह सगळ्या अंगभर पसरला, किंवा काम संपल्यावरही विझला नाही, तर तो माणसाला खाऊन टाकतो.

पेशींनी धाडलेल्या या निरोपांमधला एक प्रमुख निरोप्या म्हणजे टीएनएफ. पूर्ण नाव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे गाठ मारणारा घटक. दाहाच्या रसायनाला असं नाव कसं पडलं? १८९० च्या दशकात न्यूयॉर्कमधले विल्यम कोली नावाचे शल्यचिकित्सक कर्करोगाच्या रुग्णांना मुद्दाम जंतू किंवा जंतूंचे अर्क टोचत असत. त्यातल्या काहींच्या गाठी विरघळत. १९७५ मध्ये त्याच शहरात लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना बीसीजी दिलं. आपल्याकडे बाळांना क्षयाविरुद्ध टोचतात, तेच बीसीजी. मग त्या उंदरांना जीवाणूंच्या कवचातलं विष दिलं. अशा उंदरांचा रक्तद्रव दुसऱ्या उंदरांना टोचल्यावर त्यांच्या गाठी मरू लागल्या. रक्तद्रवातल्या त्या घटकाला त्यांनी टीएनएफ हे नाव दिलं.

दुसरीकडे अँथनी सेरामी वेगळ्याच कोड्यामागे होते. दीर्घ संसर्ग झालेली जनावरं खंगत का जातात, हे ते शोधत होते. खंगवणारा जो पदार्थ त्यांना आणि ब्रूस ब्यूटलर यांना मिळाला, तो टीएनएफच निघाला. १९८५ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जीवाणूंचं विष दिलेल्या उंदरांना टीएनएफविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीच टोचली, तर ते वाचत. म्हणजे जीव नुसत्या विषाने जात नव्हता. विषाला शरीर जे उत्तर देत होतं, त्याने जात होता. कर्करोगावर रामबाण ठरेल अशी ज्याच्याकडून आशा होती, तो टीएनएफ सबंध शरीरात दिला तर माणसाचा रक्तदाब कोसळतो, हेही लवकरच कळलं.

निरोप्या निरोप घेऊन आला, तर तो ऐकायला दारावर काहीतरी हवं. पेशीच्या कवचावर अशी प्रथिनं असतात. त्यांना आपण ग्राही म्हणतो, डॉक्टर मंडळी रिसेप्टर म्हणतात. घराच्या दारावरची घंटा डोळ्यांसमोर आणा. बटण बाहेर असतं, तार भिंतीतून आत गेलेली असते आणि आवाज आत होतो. ग्राहीचंही तसंच. एक भाग पेशीच्या बाहेर, मधला कवचातून आरपार गेलेला, तिसरा आत. टीएनएफने बाहेरचं बटण दाबलं की आत घंटा वाजते आणि पेशी दाहाच्या कामाला लागते.

आता लघवीतल्या त्या पदार्थाचं कोडं उलगडतं. तो म्हणजे ग्राहीचा फक्त बाहेरचा भाग. दाह वाढला की पेशी आपल्या दारावरची ही बटणं स्वतःच कापून बाहेर टाकतात. ती रक्तात तरंगतात आणि शेवटी लघवीतून जातात. टीएनएफ त्यांना जाऊन चिकटतो, बटण दाबत बसतो, पण तारच नसल्यामुळे आत काही वाजत नाही. निरोप्या अडकून पडतो. शरीराने इतकी साधी युक्ती काढली आहे.

१९९० मध्ये टीएनएफच्या ग्राहींची जनुकं हाती आली. ग्राही दोन प्रकारचे निघाले, एक थोडा लहान, एक मोठा. जनुक हाती येणं म्हणजे पाककृती हाती येणं. आता लघवीच्या बरण्या गोळा करण्याची गरज उरली नाही. पाककृतीतला फक्त बाहेरच्या भागाचा मजकूर कापून घ्यायचा, तो दुसऱ्या एखाद्या जिवंत पेशीत घालायचा, आणि तिच्याकडून ते मानवी प्रथिन हवं तेवढं करून घ्यायचं. जनुकं अशी जोडून तयार केलेल्या प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. मधुमेहाचं मानवी इन्सुलिन १९८२ पासून याच मार्गाने रुग्णांपर्यंत येत आहे.

पण हे काम सांगण्याइतकं सोपं नाही. सगळ्यात स्वस्त कामगार म्हणजे ई. कोलाय हा जीवाणू. तो भराभर वाढतो. मात्र प्रथिन म्हणजे नुसती मण्यांची माळ नव्हे. ती माळ ठरावीक पद्धतीने दुमडली जावी लागते आणि घड्या सुटू नयेत म्हणून ठिकठिकाणी गंधकाचे टाके पडावे लागतात. टीएनएफच्या लहान ग्राहीच्या बाहेरच्या भागात असे सुमारे १२ टाके असतात. जीवाणूला हे शिवणकाम नीट जमत नाही. तो बऱ्याचदा प्रथिनाचे नुसते गोळे करून ठेवतो. मग शास्त्रज्ञांना ते गोळे विरघळवून, हळूहळू, नीट घडी बसेपर्यंत खटपट करावी लागते. शिवाय मानवी पेशी प्रथिनावर साखरेच्या साखळ्या चढवतात, त्या जीवाणू चढवत नाही. म्हणून अनेकदा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरतात. त्यात सर्वाधिक वापर होतो तो चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांडकोशातून १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींचा. त्यांचे वंशज आजही जगभरच्या मोठमोठ्या टाक्यांमध्ये औषधी प्रथिनं तयार करत आहेत.

तयार झालेलं प्रथिन शुद्ध करून, गोठवून, सुकवून छोट्या कुप्यांमध्ये भरतात. एकेका कुपीत मायक्रोग्रॅमच्या हिशेबात पांढरी पूड असते, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढी. ती खरोखर काम करते का, याची परीक्षा मोठी बोलकी आहे. उंदराच्या काही विशिष्ट पेशी बशीत वाढवतात आणि त्यांना एका रसायनाने हळव्या करून ठेवतात. त्यांच्यावर टीएनएफ टाकला की त्या मरतात. आता टीएनएफबरोबर ग्राहीची पूड विरघळवून टाकायची. घडी नीट असेल, तर पेशी जगतात. किती पूड टाकल्यावर निम्म्या पेशी वाचतात, हा आकडा म्हणजे त्या कुपीची ताकद. सांधेदुखी, आतड्यांचे आजार, सोरायसिस अशा आजारांत टीएनएफचा हात किती, हे शोधताना जगभरचे संशोधक अशी ग्राही प्रथिनं वापरतात. ग्राही टाकला आणि दाह शमला, तर गुन्हेगार टीएनएफ. नाही शमला, तर तपास दुसरीकडे.

इथे एक सापळा आहे आणि त्यात भले भले अडकले आहेत. जीवाणूच्या पोटात प्रथिन तयार केलं की त्याच्या कवचातलं विष, एंडोटॉक्सिन, प्रथिनाबरोबर येऊ शकतं. हे विष इतकं जहाल की त्याचा सूक्ष्म अंशही पांढऱ्या पेशींना चेतवतो आणि त्या टीएनएफ सोडू लागतात. म्हणजे दाहाचा अभ्यास करायला घेतलेल्या प्रथिनानेच दाह निर्माण होतो आणि संशोधकाला वाटतं, आपल्याला नवा शोध लागला! हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. उष्णतेच्या ताणाखाली पेशी जी काही प्रथिनं करतात, तीच दाहाची घंटा वाजवतात, असे निबंध २००० च्या आसपास प्रसिद्ध झाले. पुढे विष नीट काढून टाकलेली प्रथिनं वापरून पाहिली, तेव्हा त्यातला बराचसा परिणाम नाहीसा झाला. घंटा वाजवणारं प्रथिन नव्हतं, त्याच्याबरोबर आलेला मळ होता.

यावर प्रयोगशाळेत एक घरगुती वाटावी अशी चाचणी आहे. प्रथिन उकळायचं. उकळल्यावर प्रथिनाची घडी मोडते, त्याचं काम थांबतं. एंडोटॉक्सिन मात्र उकळीला दाद देत नाही. तेव्हा उकळल्यानंतरही पेशी तशाच चेतत असतील, तर समजावं की पाणी कुठेतरी मुरतं आहे. दुसरी चाचणी आणखी नवलाची. घोड्याच्या नालेसारखं कवच असलेला एक समुद्री जीव आहे. इंग्रजीत त्याला खेकडा म्हणतात, पण तो कोळ्यांच्या जवळचा. आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही त्याची एक जात आढळते. त्याचं निळसर रक्त जीवाणूंच्या विषाचा स्पर्श होताच गोठतं. त्यावर आधारलेली चाचणी इंजेक्शनं आणि प्रथिनं तपासायला कित्येक वर्षं वापरली जाते. आता त्या रक्तातला मुख्य घटकही जनुकांच्या मार्गाने, त्या बिचाऱ्या प्राण्याचं रक्त न काढता, तयार करता येतो.

या विषाची घंटा कोणती, हे १९९८ मध्ये ब्यूटलर यांच्या गटाने शोधून काढलं. तिचं नाव टीएलआर-४. त्या शोधासाठी २०११ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. पण त्याआधी, १९९१ मध्ये, याच ब्यूटलर यांनी अमेरिकेत डॅलस इथे एक जोडकाम केलं होतं. टीएनएफच्या ग्राहीचा बाहेरचा भाग त्यांनी प्रतिद्रव्याच्या दांड्याला जोडला. त्याच सुमारास इतर काही प्रयोगशाळांतही अशी जोडकामं झाली. याने दोन गोष्टी साधल्या. सुटा ग्राही शरीरातून लवकर निघून जातो, दांडा जोडला की तो काही दिवस टिकतो. आणि दांड्याला दोन ग्राही शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे टीएनएफवरची पकड कितीतरी पटींनी घट्ट होते. अमेरिकेतल्याच सिएटलच्या संशोधकांनी मोठ्या ग्राहीपासून असं प्रथिन तयार केलं. जीवाणूंच्या विषाने मरणारे उंदीर त्याने वाचले. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आता तुमच्या मनात जे येईल, तेच तेव्हा डॉक्टरांच्या मनात आलं. अतिदक्षता विभागात सेप्सिसचे रुग्ण असतात. जंतुसंसर्ग अंगभर पसरलेला, रक्तदाब कोसळलेला, एकेक अवयव बंद पडत चाललेला. आपण ‘सेप्टिक होऊन गेला’ म्हणतो तो हाच आजार. उंदीर वाचले, मग माणूस का नाही वाचणार? चाचणी झाली. १४१ रुग्ण घेतले. काहींना नुसतं बिनऔषधाचं द्रावण दिलं, बाकीच्यांना या प्रथिनाची कमी, मध्यम आणि जास्त अशी मात्रा दिली. निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. बिनऔषधाच्या गटात ३० टक्के रुग्ण दगावले. कमी मात्रेच्या गटात ३० टक्के. मध्यम मात्रेत ४८ टक्के. जास्त मात्रेत ५३ टक्के.

श्रोतेहो, हे आकडे पुन्हा एकदा मनाशी घोळवा. ज्यांना औषध मिळालं नाही, ते औषध भरपूर मिळालेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात वाचले. हे औषध देणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांच्यापाशी शुद्ध प्रथिन होतं, बशीतला पुरावा होता, उंदरांचा पुरावा होता. मग चुकलं कुठे?

उंदराला विष टोचलं होतं, त्याला जिवंत जंतूंचा संसर्ग नव्हता. ते विष केव्हा टोचायचं आणि प्रथिन केव्हा द्यायचं, दोन्ही संशोधकांच्या हातात होतं. रुग्ण मात्र दवाखान्यात येतो तोवर टीएनएफची पहिली लाट बहुधा येऊन गेलेली असते, आणि अंगात जिवंत जंतू वाढत असतात. त्यांच्याशी लढायला टीएनएफ लागतोच. याचा इशारा १९९३ मध्येच मिळाला होता. लहान ग्राहीचं जनुक काढून टाकलेले उंदीर विषाला पुरून उरत, पण लिस्टेरिया नावाचा जिवंत जीवाणू दिला की मरत. घंटा नसली तर आगीच्या खोट्या आरोळीचा त्रास होत नाही, पण खऱ्या आगीच्या वेळी घरातले झोपून राहतात. आणखीही एक गोष्ट उंदरांच्या प्रयोगात दिसली होती. हा ग्राही टीएनएफला पकडतो तसा सोडतोही. म्हणजे तो निरोप्याला अडवतो, पण त्याच वेळी त्याला जास्त काळ रक्तात टिकवूनही ठेवतो.

हे औषध तिथेच संपायचं. ते संपलं नाही, याचं कारण लंडनमधलं एक वेगळं काम. केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी हे दोघे संधिवाताचा अभ्यास करत होते. मैनी यांचा जन्म लुधियान्याचा. संधिवात म्हणजे म्हातारपणी झिजणारे गुडघे नव्हेत. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस हा तरुण वयातही येणारा आजार. स्त्रियांत त्याचं प्रमाण अधिक. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात. पिठाचा गोळा मळता येत नाही, साडीची निरी धरता येत नाही, बादलीची कडी उचलवत नाही. दुपारपर्यंत थोडं सैल होतं. वर्षं जातात तशी बोटं वाकडी होतात आणि मग ती सरळ होत नाहीत.

फेल्डमन आणि मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी बशीत वाढवल्या. त्यात दाहाची अनेक रसायनं होती. एक बंद केलं तर बाकीची काम चालू ठेवतील, असंच बहुतेकांना वाटत होतं. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं की टीएनएफ अडवला की दाहाचं दुसरं महत्त्वाचं रसायनही खाली येतं. म्हणजे इथे टीएनएफ हा रांगेतला पहिला गडी होता. लक्षात घ्या, इथे पुरावा उंदराचा नव्हता, त्या रोगाच्या, त्या रुग्णांच्या सांध्यातल्या पेशींचा होता. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफविरुद्धचं प्रतिद्रव्य रुग्णांना दिलं आणि सूज, वेदना, आखडणं कमी झालं.

मग सेप्सिसमध्ये हरलेल्या त्या ग्राही प्रथिनाचीही संधिवातात परीक्षा झाली. १९९७ मध्ये १८० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनंतर, जास्त मात्रा मिळालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांच्या लक्षणांत किमान एक पंचमांश सुधारणा होती. बिनऔषधाच्या गटात हे प्रमाण १४ टक्के होतं. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. एटानर्सेप्ट हे त्याचं नाव. आज आपल्या शहरांतले संधिवाततज्ज्ञही ते देतात. तेच प्रथिन, तीच घडी, तेच गंधकाचे टाके. एका रोगात हानी, दुसऱ्या रोगात दिलासा. फरक प्रथिनात नव्हता, कोणत्या आगीवर आणि केव्हा पाणी ओतलं, त्यात होता.

आणि तरीही टीएनएफ अडवण्याची किंमत चुकत नाही. ती आपल्या देशात विशेष लक्षात ठेवायला हवी. क्षयाचा जंतू अनेकांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं झोपलेला असतो. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गोल कुंपण घालून बसतात आणि त्या कुंपणाला टीएनएफ लागतो. टीएनएफ अडवला की कुंपण ढासळतं आणि जंतू मोकळा होतो. २००१ मध्ये अशा औषधांपैकी एका प्रतिद्रव्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. ग्राही प्रथिनाने हा धोका प्रतिद्रव्यांपेक्षा कमी दिसतो, पण तो शून्य नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव आपल्या देशात आहेत. म्हणून हे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी डॉक्टर छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी सांगतात, तेव्हा ‘मला कुठे खोकला आहे’ असं म्हणून ती टाळू नका. घरात कोणाला क्षय होऊन गेला असेल, तर ते लपवू नका. औषध चालू असताना बारीक ताप येऊ लागला, वजन उतरू लागलं, तर पुढच्या इंजेक्शनची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.

खर्चाचाही प्रश्न आहे. भारतीय कंपन्यांनी अशा औषधांच्या प्रतिकृती बाजारात आणल्यामुळे किंमत खाली आली आहे, पण महिनोन्‌महिने घ्यायचं औषध मध्यमवर्गीय घरालाही जड जातं. म्हणून मेथोट्रेक्सेटसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्यांपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे आणि ती योग्य आहे. पुष्कळांना तेवढ्यानेच आराम पडतो.

शेवटी एक अगदी जवळची आठवण. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या राज्यात कित्येक घरांतली माणसं टोसिलिझुमॅब या इंजेक्शनसाठी रात्री-अपरात्री फोन करत फिरत होती. हे औषधही ग्राहींच्याच गोष्टीतलं. फरक एवढाच की ते बटण बाहेर टाकत नाही, दारावरच्या बटणावर झाकण बसवतं. ही घंटा टीएनएफची नव्हे, आयएल-६ या दुसऱ्या निरोप्याची. तिचं जनुक जपानमधल्या ओसाका इथे तादामित्सू किशिमोतो यांच्या गटाने १९८८ मध्ये शोधलं. आणि गंमत पाहा, आयएल-६ च्या ग्राहीचा सुटा झालेला बाहेरचा भाग टीएनएफच्या ग्राहीसारखा वागत नाही. तो निरोप्याला अडकवण्याऐवजी बरोबर घेऊन फिरतो आणि ज्या पेशींच्या दारावर ही घंटाच नाही, तिथेही जाऊन वाजवतो. एकाचं सुटं बटण मुकं, दुसऱ्याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना उठवणारं. एका ग्राहीवरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, तो याचसाठी.

करोनात त्या इंजेक्शनने काय साधलं? २०२० मधल्या लहान चाचण्यांतून स्पष्ट उत्तर मिळत नव्हतं. मग ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत चार हजारांवर रुग्ण घेतले. ऑक्सिजन कमी पडणारे आणि रक्तात दाहाची खूण वाढलेले असेच रुग्ण त्यात होते. इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ३१ टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी ३५ टक्के. म्हणजे अशा शंभर रुग्णांमागे चार जीव वाचले. ते चार जीव मोलाचे आहेत. पण ज्यांना त्या रात्री इंजेक्शन मिळालं नाही आणि ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्यातले कित्येक अजूनही मनाशी म्हणतात, ‘मी कमी पडलो, एक इंजेक्शन मिळवू शकलो नाही.’ त्यांना मला हे आकडे सांगायचे आहेत. शंभरांतल्या एकतीस जणांना ते मिळूनही उपयोग झाला नाही, आणि पासष्ट जण त्याच्याशिवायही वाचले. तुम्ही कमी पडला नाहीत.

प्रयोगशाळेत येणाऱ्या ग्राही प्रथिनाच्या कुपीवर एक ओळ छापलेली असते: फक्त संशोधनासाठी, रुग्णांवर वापरण्यासाठी नाही. ती नुसती कायद्याची पळवाट वाटू शकते. पण कुपीतली पूड खोटं बोलत नाही, ती बशीतल्या प्रश्नाचं उत्तर देते. बशीतल्या पेशी वाचतील का, एवढंच तिला ठाऊक. खाटेवरचा रुग्ण वाचेल का, हा प्रश्न नव्याने, खाटेपाशीच, बिनऔषधाचा गट शेजारी ठेवून विचारावा लागतो. १९९६ च्या चाचणीत तो गट होता, म्हणूनच नुकसान उजेडात आलं. तो नसता, तर दगावलेल्यांबद्दल ‘आजारच तसा होता’ एवढंच म्हटलं गेलं असतं आणि तेच औषध आणखी हजारोंना दिलं गेलं असतं. म्हणून उद्या कोणी नव्या औषधाबद्दल ‘प्रयोगशाळेत सिद्ध झालं आहे’ असं सांगितलं, तर त्याच्यावर अविश्वास दाखवू नका, पण पुढचा प्रश्न जरूर विचारा: कोणत्या रुग्णांत, आणि कोणाशी तुलना करून?